कोरलड्रॉमध्ये मॅक्रो टाकला, पण चालूच होत नाही (देवनागरी नंबरच्या वर्गणी पावत्या)

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी,

कराडजवळ आमचा छोटा छापखाना आहे. वडिलांच्या वेळी ट्रेडल (पायाने चालवायचं जुनं छपाई यंत्र) होतं, आता एक मिनी ऑफसेट आणि एक लेझर प्रिंटर. श्रावण लागला की गणेश मंडळांची पावतीपुस्तकं सुरू होतात. यंदा एका मंडळाने अट घातली आहे की पावतीचा नंबर देवनागरीतच हवा, आणि मंडळाचं नाव ज्या फॉन्टमध्ये आहे त्याच फॉन्टमध्ये हवा. फॉन्ट आहे मुक्ता, म्हणजे युनिकोड (ज्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो). पावत्या १०००. ए-फोरवर आडव्या ४ बसतात, प्रत्येकीला डाव्या हाताला स्थळप्रत, म्हणजे एकच नंबर दोन ठिकाणी.

व्हॉट्सॲपच्या डीटीपी ग्रुपवर कुणीतरी नंबरिंगचा मॅक्रो (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप काम करून देणारा छोटा प्रोग्राम) टाकला होता. एकच जीएमएस फाइल (कोरल मॅक्रो ज्या प्रकारच्या फाइलीत ठेवतं ती), आणि खाली 'जीएमएस फोल्डरमध्ये टाका, चालू होईल' एवढंच. प्रोग्राम फाइल्समध्ये कोरलच्या ड्रॉ फोल्डरात जीएमएस आहे, तिथे टाकली. कोरल बंद करून उघडला. टूल्समध्ये मॅक्रोज दिसतं, पण आतलं सगळं फिकं, क्लिकच होत नाही.

कोरलड्रॉ एक्स-७, विंडोज १०, ६४ बिट. मंडळाची पोरं रोज संध्याकाळी येऊन बसतात, चहा माझ्या खात्यावर. कुणी वाट दाखवा.

घाटावरचा_कोडर

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली, जागा. प्रोग्राम फाइल्समधला जीएमएस फोल्डर कोरलने स्वतःसोबत आणलेल्या मॅक्रोंचा. तिथली फाइल चालते, पण दर वेळी ॲडमिन परवानगी लागते आणि कोरल पुन्हा टाकला की ती जागा साफ होऊ शकते. आपली फाइल आपल्या युजरच्या फोल्डरात ठेवायची. विंडोजची खूण आणि आर एकदम दाबा, चौकटीत टक्केचिन्ह-ॲपडेटा-टक्केचिन्ह टाइप करा (ॲपडेटा इंग्रजीत, सलग), एंटर. उघडेल तो रोमिंग फोल्डर. त्यात कोरल, मग कोरलड्रॉ ग्राफिक्स सूट एक्स-७, मग ड्रॉ, मग जीएमएस. ॲपडेटा लपवलेला असतो म्हणून एक्सप्लोररमध्ये हाताने शोधत बसलात तर सापडत नाही.

दुसरी गोष्ट खरी अडचणीची. फाइल चुकीच्या जागी असेल तर तो एक मॅक्रो यादीत दिसणार नाही. पण अख्खा मेनूच फिका आहे म्हणजे कोरलला मॅक्रो चालवणारं इंजिनच सापडत नाहीये. हे इंजिन म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हीबीए, म्हणजे व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स. कोरलसोबत ते येतं, पण इन्स्टॉल करताना त्याची टिक काढलेली असेल तर राहून जातं. होम अँड स्टुडंट आवृत्तीत तर ते नसतंच. तुमची आवृत्ती कोणती, आणि इन्स्टॉल कुणी केलं?

पितळी_खिळा

शाईवाले, मॅक्रोचं मागून बघू. प्लेट काढणार आहात का लेझरवर मारणार आहात, ते आधी सांगा.

प्लेट काढणार असाल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ. एका प्लेटवरून हजार कागद निघतात आणि हजारांवर तोच नंबर. ऑफसेटला नंबर पडतो तो नंबरिंग बॉक्सने, छपाईनंतर वेगळ्या फेरीत. आमच्याकडच्या बॉक्सात आकडे इंग्रजीच आहेत. कॉम्प्युटरचा बदलता नंबर फक्त डिजिटल छपाईत कामाचा.

शाईचा_डाग

@पितळी_खिळा, काका, पावती दोन रंगात ऑफसेटला मारून घेणार आणि त्या छापील कागदांवर फक्त नंबर लेझरने. कागद ७० जीएसएम मॅपलिथो, लेझरमधून नीट जातो.

@घाटावरचा_कोडर, इन्स्टॉल कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने केलं. पेनड्राइव्ह घेऊन आला आणि पंधरा मिनिटांत करून गेला. बॉक्स, सीडी, बिल असलं काही त्याने दिलं नाही. वडिलांच्या नावाने घेतलेली एक जुनी सीडी मात्र कपाटात आहे, तीही एक्स-७चीच.

सोलापूरची_डीटीपीवाली

दादा, मॅक्रो टाकायची गरज आहे का, हे मी आधी विचारेन. कोरलमध्ये प्रिंट मर्ज आहेच. फाइल मेनूत प्रिंट मर्ज, त्यात मर्ज फील्ड तयार करा, न्यूमेरिक निवडा, सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा द्या. तेच फील्ड स्थळप्रतीवर आणि पावतीवर दोन्हीकडे ठेवायचं, नंबर सारखाच पडतो. मग मर्ज टू न्यू डॉक्युमेंट. लग्नाच्या जेवणाचे पास, लकी ड्रॉची कुपनं, शाळेच्या फीपावत्या, सगळं मी यावरच करते.

देवनागरी आकड्यांसाठी आमच्याकडची युक्ती म्हणजे त्या फील्डला जुना फॉन्ट लावायचा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांपैकी बऱ्याच फॉन्टांत इंग्रजी १ च्या जागीच मराठी १ बसवलेला असतो. कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी, कागदावर येतं मराठी. एकही मॅक्रो न टाकता काम होतं.

शाईचा_डाग

ताई, ते करून बघितलं. पण जुन्या फॉन्टचा आकडा बारीक आणि कलता, आणि मंडळाचं नाव मुक्ताच्या जाड वळणात. अध्यक्ष म्हणाले, हे दुसऱ्या पावतीवरून कापून चिकटवल्यासारखं दिसतंय. मुक्तामध्ये फील्ड ठेवलं की आकडा इंग्रजी.

सोलापूरची_डीटीपीवाली

युनिकोड फॉन्टात इंग्रजीचे आकडे वेगळे आणि मराठीचे वेगळे, त्यामुळे तसं होणारच. मग तुमच्या अध्यक्षांसाठी मॅक्रोच बघा. :)

वऱ्हाडी_फ्लेक्स

भाऊ, आपलं काम फ्लेक्सचं, पण या मॅक्रोंवर आपलं लय प्रेम. तीन टिपा देऊन ठेवतो, कोणाच्या तरी कामी येतील.

१) कोरलची आवृत्ती बदलली की जीएमएस फोल्डर नवा होते. जुने मॅक्रो आपोआप येत नाहीत, जुन्या फोल्डरातून उचलून नव्यात टाका लागते.

२) मॅक्रोचं बटण टूलबारवर आणून ठेवता येते. ऑप्शन्समध्ये कस्टमायझेशन, कमांड्स, वरच्या यादीत मॅक्रोज निवडा आणि ओढून बारवर सोडा. पण कोरल उघडताना एफ-८ दाबून वर्कस्पेस रीसेट केलं तर हे बटण जाते. मॅक्रो जात नाही, बटणच जाते. आमच्या इकडल्या एका पोराने बटण गेलं म्हणून अख्खा कोरल पुन्हा टाकला होता बाप्पा.

३) एक्स-७ पासून दुसऱ्या जातीचं ॲड-ऑन निघालं आहे, जे बाजूला डॉकर (कडेची पट्टी) म्हणून उघडते. ते जीएमएस नाही, अख्खा फोल्डर राहते. मला असा एक मिळाला आहे, जीएमएसमध्ये टाकला तर काहीच झालं नाही. तो कुठं टाकायचा? कोडर भाऊ, सांगाल का?

घाटावरचा_कोडर

@वऱ्हाडी_फ्लेक्स, त्याची जागा प्रोग्राम फाइल्समध्येच. कोरलच्या फोल्डरात प्रोग्राम्स-६४, आणि त्यात ॲडऑन्स. ६४ बिट कोरल असेल तरच प्रोग्राम्स-६४ दिसेल. आणलेला फोल्डर तसाच्या तसा ॲडऑन्समध्ये ठेवायचा. आत 'कोरल-डीआरडब्ल्यू डॉट ॲडऑन' अशी एक फाइल हवी. ती बहुतेक वेळा रिकामी असते, पण तिच्यावरूनच कोरलला कळतं की हा फोल्डर आपल्यासाठी आहे. रिकामी दिसते म्हणून पुसून टाकू नका.

यात अडकायची मुख्य जागा म्हणजे डीएलएल, म्हणजे ॲड-ऑनचा प्रत्यक्ष प्रोग्राम ज्या फाइलीत असतो ती. इंटरनेटवरून उतरवलेल्या झिपवर विंडोज 'बाहेरून आलेली' अशी खूण ठेवतं आणि झिप उघडली की ती आतल्या प्रत्येक फाइलवर उतरते. मग ॲड-ऑन गप्प बसतं, काही सांगतही नाही. त्यामुळे झिप उघडण्याआधीच तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची टिक, आणि मग एक्स्ट्रॅक्ट. जीएमएस फाइललाही हेच लागू.

@शाईचा_डाग, पेनड्राइव्हवाल्याने 'पोर्टेबल' किंवा काटछाट केलेलं कोरल टाकलं असावं. असल्या आवृत्त्यांत आकार कमी करायला व्हीबीएच आधी काढतात. कपाटातली सीडी अधिकृत आहे ना, मग सध्याचं काढा आणि तीच टाका. इन्स्टॉल करताना कस्टम निवडा आणि युटिलिटीजच्या यादीत व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्सची टिक आहे याची खात्री करा. अधिकृत कोरल आधीच असेल त्यांना काढायचीही गरज नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्राम्सच्या यादीत कोरल निवडून चेंज, मग मॉडिफाय, आणि तीच टिक.

नाव_सांगणार_नाही

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादात क्रॅक केलेल्या कोरलची लिंक होती, म्हणून काढला आहे. पुन्हा दिसल्यास आयडी गोठवला जाईल. चर्चा चालू ठेवा.

माऊस_आणि_मांजर

मला एक कळत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली, कुणी लिहिली माहीत नसलेली फाइल सगळेजण बिनधास्त कोरलमध्ये टाकतायत आणि त्यावर चर्चा फक्त 'कुठल्या फोल्डरात' एवढीच? मॅक्रो म्हणजे पूर्ण प्रोग्राम असतो. तो फाइली पुसू शकतो, दुसरा प्रोग्राम चालू करू शकतो. १९९९ मध्येच कोरलच्या स्क्रिप्ट फाइलींमधून पसरणारा गॅलाड्रियल नावाचा व्हायरस आला होता, तोही व्हीबीएचा नव्हे, त्याच्या आधीच्या कोरल स्क्रिप्टचा. छापखान्याच्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली असतात.

वऱ्हाडी_फ्लेक्स

इतकं काय घाबरता राव. मॅक्रो आपण चालवला तरच चालते ना. नुसता फोल्डरात पडून राहिला तर काय करते तो?

घाटावरचा_कोडर

तसं नाहीये भाऊ. जीएमएसमध्ये 'ग्लोबल मॅक्रो स्टोरेज स्टार्ट' नावाची घटना लिहिता येते. कोरल ती फाइल लोड करतो तेव्हाच ती चालते, तुम्ही कशालाही हात न लावता. टूलबार बांधायला, मेनू लावायला भली माणसं तीच वापरतात, आणि दुसरे लोकही तीच वापरू शकतात.

म्हणून मांजरांशी मी सहमत. निदान एवढं तरी करा. ऑप्शन्स, वर्कस्पेस, व्हीबीए इथे 'ट्रस्ट ऑल इन्स्टॉल्ड जीएमएस मॉड्यूल्स' अशी टिक असते, ती काढा. नवी फाइल प्रथम अशा मशीनवर बघा जिथे कामाच्या फाइली नाहीत. ऑल्ट आणि एफ-११ दाबून एडिटर उघडा, डावीकडे त्या मॅक्रोचं नाव येईल, आतला मजकूर वाचा. प्रोग्रामिंग येत नसलं तरी कंट्रोल-एफने शेल, किल, क्रिएटऑब्जेक्ट हे तीन शब्द इंग्रजीत शोधा. पावतीला नंबर टाकणाऱ्या मॅक्रोत यातला एकही लागत नाही. सापडला तर फाइल काढून टाका. आणि मॅक्रो पासवर्डने बंद असेल, आत बघताच येत नसेल, तर तो लिहिणारा माणूस ओळखीचा असल्याशिवाय मी तरी वापरत नाही.

ग्रुपवर फिरणारी जुनी फाइल असेल तर आणखी एक त्रास. ६४ बिट कोरल एक्स-६ पासून आला. त्याआधी लिहिलेल्या मॅक्रोत विंडोजची फंक्शनं मागवणाऱ्या डिक्लेअरच्या ओळी असतील, तर ६४ बिटवर 'हा कोड ६४ बिटसाठी सुधारा' अशी लाल चूक येते. तिथे डिक्लेअरच्या पुढे पीटीआरसेफ शब्द लागतो, कधीकधी लाँगचा लाँगपीटीआरही करावा लागतो. हे ज्याला व्हीबीए येतं त्यालाच करू द्या.

म्हापशेकार

कोरलशिवाय चालत असेल तर इंकस्केप या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरबद्दल बोलू का? आम्ही म्हापशात जत्रेच्या फेरीची, नाटकाची तिकिटं त्यावरच करतो. फुकट आहे, आणि ॲड-ऑन टाकणं कोरलपेक्षा सरळ आहे.

इंकस्केपचं एक्स्टेन्शन म्हणजे बहुतेक वेळा दोन फाइली, एक आयएनएक्स आणि एक पायथनची. पहिलीत मेनू आणि खिडकी कशी दिसेल ते, दुसरीत प्रत्यक्ष काम. दोन्ही एकाच फोल्डरात पडायला हव्यात. फोल्डर कुठला ते पाठ करायची गरज नाही. एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टिम इथे गेलात की 'युजर एक्स्टेन्शन्स'समोर पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि बाजूला तो उघडायचं बटणही. फाइली टाका, इंकस्केप बंद करून उघडा, एक्स्टेन्शन्स मेनूत नवं नाव दिसेल.

पावतीच्या कामाला नेक्स्टजनरेटर नावाचं एक्स्टेन्शन आहे. चित्रात जिथे नंबर हवा तिथे टक्केचिन्ह, मग इंग्रजीत व्हीएआर, अंडरस्कोर आणि स्तंभाचं नाव, पुन्हा टक्केचिन्ह अशी खूण टाइप करायची. सीएसव्ही फाइलमधली (स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेली साधी यादी) एकेक ओळ घेऊन ते एकेक पीडीएफ काढतं. सगळं युनिकोड, त्यामुळे देवनागरीला त्रास नाही.

जपून राहायची गोष्ट एकच. मे २०२० मध्ये इंकस्केप १.० आला तेव्हा एक्स्टेन्शन्स पायथन ३ वर गेली. ०.९२ च्या काळात लिहिलेलं बरंच काही आता चालत नाही. उतरवताना कुठल्या आवृत्तीसाठी लिहिलंय ते बघून घ्या.

माऊस_आणि_मांजर

आणि सीएसव्ही एक्सेलमधून काढणार असाल तर साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह ॲज करताना यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा प्रकार आहे, तोच निवडा.

पितळी_खिळा

इंकस्केप चांगलं असेल, पण तालुक्याच्या गावात गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर सीडीआर (कोरलची फाइल) घेऊन येतं आणि सीडीआरच मागतं. शिकवायला पोरं मिळतात तीही कोरलचीच. त्यामुळे शाईवाल्यांनी कोरल सोडू नये असं माझं मत.

म्हापशेकार

सीडीआरचं खरं आहे काका. नवीन आवृत्तीतल्या सीडीआर इंकस्केपमध्ये नीट उघडतीलच असं नाही.

शाईचा_डाग

अपडेट. पेनड्राइव्हवालं कोरल काढलं, कपाटातल्या सीडीवरून टाकलं, व्हीबीएची टिक तिथे होतीच. मेनू काळा झाला! मॅक्रो आता रोमिंगच्या जीएमएसमध्ये आहे आणि मॅनेजरमध्ये दिसतोय. कोडरसाहेबांनी सांगितलेले तीनही शब्द शोधले, एकही नाही.

मॅक्रो चाललासुद्धा. पण नंबर इंग्रजीत टाकतो. ऑल्ट-एफ-११ करून आतले आकडे मराठी करायला गेलो, तर ० टाइप केला की एडिटरमध्ये ? उमटतो. कॉपी-पेस्ट केलं तरी ????. म्हणजे आणखी काही इन्स्टॉल करायचं राहिलंय का? मराठी की-बोर्ड आहे, वर्डमध्ये सगळं नीट येतं.

घाटावरचा_कोडर

इन्स्टॉल करायचं काही राहिलेलं नाही, आणि फॉन्ट बदलूनही हे सुटणार नाही. व्हीबीएचा एडिटर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला आहे. त्याला विंडोजच्या जुन्या पद्धतीच्या कोडपेजमधलीच, म्हणजे ठराविक अक्षरांच्या यादीतलीच अक्षरं समजतात. विंडोजमध्ये देवनागरीसाठी असं कोडपेज कधी नव्हतंच, आपली भाषा थेट युनिकोडमध्ये आली. म्हणून एडिटरात मराठी लिहिता येत नाही आणि मेसेजची चौकट काढली तरी त्यात प्रश्नचिन्हंच येतात.

पण हे फक्त कोड लिहिण्याच्या जागेपुरतं. मॅक्रो चालत असताना आत मराठी अक्षर धरता येतं आणि कोरलच्या पानावर ते नीट उमटतं. फक्त अक्षर टाइप न करता त्याचा क्रमांक द्यायचा. त्यासाठी सीएचआरडब्ल्यू हे फंक्शन आहे. युनिकोडमध्ये ० चा क्रमांक २४०६, १ चा २४०७, असं करत ९ चा २४१५. म्हणजे जो अंक हवा त्यात २४०६ मिळवा आणि सीएचआरडब्ल्यूला द्या.

तुमच्या मॅक्रोत नंबर तयार होऊन टेक्स्टमध्ये जातो ती ओळ शोधा. तिच्या आधी एक छोटं फंक्शन घाला, जे नंबरातला एकेक अंक डावीकडून उचलेल, त्यात २४०६ मिळवेल, आणि झालेली अक्षरं जोडत जाईल. ४-५ ओळींचं काम आहे. निरोपातून फाइल पाठवा, मी करून देतो, पण वाचून बघा मगच चालवा.

'पावती क्र.' हे शब्द मात्र मॅक्रोत लिहायच्या भानगडीत पडू नका. जमतं ते, क्र साठी २३२५, २३८१, २३५२ असे तीन क्रमांक द्यावे लागतात, पण कशाला? शब्द पानावर वेगळे टाइप करून ठेवा आणि मॅक्रोला फक्त नंबराचा टेक्स्ट बदलायला लावा.

सोलापूरची_डीटीपीवाली

अगं बाई, म्हणून माझा कॅलेंडर विझार्ड महिन्यांची नावं बिघडवायचा! वाचनखूण साठवली.

अवांतर: आमच्या एका गिऱ्हाइकाकडे अजून एक्स-५ आहे. त्यावर युनिकोड मराठीची जोडाक्षरं तुटतात. तिथे हा मॅक्रो चालेल का?

घाटावरचा_कोडर

ताई, जोडाक्षरं नीट जुळवणारं टेक्स्ट इंजिन कोरलमध्ये एक्स-६ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत मराठी वाक्य तुटणारच. आकड्यांत जोडण्यासारखं काही नसतं, त्यामुळे नुसता नंबर एक्स-५ वरही चालायला हरकत नाही.

जर्सीकर

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची प्रसादाची कुपनं मी करतो, कोरलच, पण मॅकवर. ही जीएमएस फाइल मॅकवर कुठे टाकू?

घाटावरचा_कोडर

कुठेच नाही. व्हीबीए फक्त विंडोजवरच्या कोरलमध्ये आहे. मॅकवरच्या कोरलला जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लागते. त्यात देवनागरी थेट टाइप करता येतं, एवढा तुमचा फायदा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही मेनूचं नाव आता मॅक्रोज नसून स्क्रिप्ट्स आहे, तेव्हा नवी आवृत्ती घेतलेल्यांनी 'मॅक्रोज गेलं' म्हणून गोंधळू नये.

शाईचा_डाग

कोडरसाहेब, दंडवत. फाइल मिळाली, पावतीवर इंग्रजी नव्हे, खरा मराठी १ आला. मुक्तामध्ये. अध्यक्षांना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा दिला.

पण १००० चं चालवलं तर कोरल अडकला. स्क्रीन पांढरी झाली, नंतर परत आला पण पानावर काही हललेलं दिसेना. टास्क मॅनेजरमधून बंद केला.

घाटावरचा_कोडर

दोन कारणं. मॅक्रो वेगाने चालावा म्हणून त्यात ऑप्टिमायझेशन चालू केलेलं असतं, म्हणजे काम होईपर्यंत कोरल स्क्रीन रंगवत नाही. मधेच चूक होऊन मॅक्रो थांबला तर ते चालूच राहतं, आणि आपल्याला वाटतं कोरल मेला. अशा वेळी एडिटरच्या इमिजिएट खिडकीत ऑप्टिमायझेशन फॉल्स करून विंडो रिफ्रेश केली की चित्र परत येतं.

दुसरं, २५० पानं एकाच फाइलमध्ये कशाला बनवता? एकच पान ठेवा. मॅक्रोने नंबर बदलायचा, छापायला पाठवायचं, पुन्हा नंबर बदलायचा. पावतीचं रंगीत डिझाइन तर ऑफसेटला छापलेलंच आहे, तुमच्या फाइलमध्ये फक्त ८ आकडे असायला हवेत. डिझाइन दिसायला हवं असेल तर वेगळ्या लेअरवर ठेवा आणि त्या लेअरची छपाई बंद करा.

पितळी_खिळा

आता माझं ऐका, नाहीतर छापून झाल्यावर बाइंडर तुमच्या नावाने बोटं मोडेल. एका कागदावर १, २, ३, ४ असे सलग नंबर टाकू नका. कापल्यावर चार गठ्ठे होणार, पहिल्यात १, ५, ९, दुसऱ्यात २, ६, १०. हजार पावत्या हाताने लावत बसावं लागेल.

१००० पावत्या, कागदावर ४, म्हणजे २५० कागद. वरच्या जागेवर १ ते २५०, दुसरीवर २५१ ते ५००, तिसरीवर ५०१ ते ७५०, चौथीवर ७५१ ते १०००. पहिल्या कागदावर १, २५१, ५०१, ७५१. छापून गठ्ठा जसाच्या तसा कटिंगला, आणि चार गठ्ठे एकाखाली एक ठेवले की क्रम लागलेला.

पुस्तक किती पावत्यांचं आहे तेही बघा. ५० चं असेल तर २५० ला बरोबर ५ पुस्तकं, काही प्रश्न नाही. १०० चं असेल तर प्रत्येक गठ्ठ्यात अडीच पुस्तकं होतात आणि मधलं पुस्तक दोन गठ्ठ्यांतून जुळवावं लागतं. तसं असेल तर मंडळाला १२०० घ्यायला लावा, जागेला ३०० येतात आणि ३ पुस्तकं पुरी होतात.

सोलापूरची_डीटीपीवाली

काकांचं हे प्रिंट मर्जलाही लागू आहे हो. चार न्यूमेरिक फील्ड करायची, प्रत्येकाला वेगळी सुरुवात आणि वेगळा शेवट.

शाईचा_डाग

पुस्तक ५० चंच आहे, त्यामुळे १००० वरच ठेवतो. कोडरसाहेबांनी मॅक्रोत पहिला कागद आणि शेवटचा कागद विचारणारी चौकट घातली आहे, चौकट इंग्रजीत, कारण वर सांगितलंच. नंबर जागेनुसार २५० च्या उडीने पडतायत. कोऱ्या कागदावर मारून छापील पावतीवर धरून बघितलं, जागेवर बसतंय.

शेवटचं एक. लेझरमध्ये मधेच कागद फसला तर? दोन रंगात छापलेले कागद मोजून आलेत.

पितळी_खिळा

मोजून आणू नयेत. नंबरिंगला शेकडा ५ तरी जादा कागद धरतात.

फसलेल्या कागदावरचा वरचा नंबर बघा, तोच त्या कागदाचा क्रमांक. ३७ फसला तर ३७, २८७, ५३७, ७८७ या चार पावत्या गेल्या. मॅक्रोच्या चौकटीत ३७ ते ३७ द्या, एकच कागद काढा आणि गठ्ठ्यात ३६ च्या खाली सरकवा. फसलेला कागद तिथल्या तिथे फाडा. त्यावरची एखादी पावती चांगली दिसते म्हणून ठेवून दिली, की एकाच नंबरच्या दोन पावत्या मंडळाच्या हिशेबात येतात, आणि मग अध्यक्ष चहा प्यायला येत नाहीत, वेगळ्या कामाला येतात.

शाईचा_डाग

जादा ५० कागद आजच मशीनवाल्याकडून मारून घेतो. परवा कटिंग.